शंटिंग नेकसाठी एक लाइन गेली

रविवार, रात्री. कुलर चालू.

माझ्या मॉडेल रेल्वेच्या यार्डाचं दुखणं सांध्यांत (गाडी दुसऱ्या लाइनीवर वळवणाऱ्या पॉइंट्समध्ये) नव्हतंच. पाच सायडिंगची (बाजूच्या लाइनींची) शिडी, म्हणजे ओळीने लावलेले सांधे, थेट मेन लाइनला जोडलेली. चार बॉक्सन (उघड्या मालवाहू) वाघिणी एका लाइनीवरून दुसरीवर न्यायच्या म्हटल्या की इंजिन मेनवर येणार, आणि तोवर पॅसेंजर सिग्नलला ताटकळणार. खऱ्या यार्डात यासाठीच वेगळी शंटिंग नेक, म्हणजे मेन लाइन न अडवता इंजिन पुढे-मागे करायची बाजूची लाइन, असते. पाच लाइनींच्या हावेपायी इथे तीच खाल्ली गेली होती.

आज पाचवी लाइन उखडली. नेकचा हिशोब सोपा आहे: इंजिन अधिक सगळ्यात लांब रेक (जोडलेल्या वाघिणींची रांग). एचओ या मॉडेलच्या 1:87 मापात बॉक्सन 123 मिमी, आठांचे 985. डब्ल्यूएजी-9 इंजिन 236 मिमी. बेरीज 1221, म्हणून नेक 1.25 मीटर. एक डबा कमी पडला तरी नेक असून नसल्यासारखी.

सांधेही बदलले. जुने पेको कंपनीचे 610 मिमी त्रिज्येचे होते. मेनवरून आत येताना डावं वळण संपतं न संपतं तोच उजवं सुरू व्हायचं. आयसीएफ (प्रवासी) डबा या मापात 245 मिमी. शेजारच्या दोन डब्यांची टोकं उलट दिशांना झुकतात, कपलिंग आडवं ओढलं जातं आणि मागून ढकलताना हलका डबा रूळ सोडतो. म्हणून आता 914 मिमीचे मध्यम सांधे. सांधा 219 मिमी लांब, कोन 12 अंश. नुसते एकाला एक जोडले तर लाइनींत 45 मिमीच अंतर पडतं, बोटं शिरत नाहीत. मधे 70 मिमीचा सरळ तुकडा टाकला की 60 मिमी मिळतं. गाडी हाताने उचलावी लागतेच, कोणी काही म्हणो.

फाउलिंग मार्क, म्हणजे शेजारच्या गाडीला न घासता डबा जिथवर उभा राहू शकतो ती खूण, गणिताने काढू नये. शेजारच्या लाइनीवर डबा उभा करून दुसरा हळू सरकवावा, दोघांत करंगळी मावेल तिथे स्लीपरवर पांढरा ठिपका द्यावा.

इलेक्ट्रोफ्रॉगचं (वीज मिळणाऱ्या धातूच्या फ्रॉगचं; फ्रॉग म्हणजे सांध्यात रूळ एकमेकांना छेदतात ती जागा) जुनं वायरिंग चुकलेलं निघालं. फ्रॉगपुढच्या आतल्या दोन्ही रुळांना प्लास्टिकची फिशप्लेट (रूळ जोडणारी पट्टी) हवी, आणि फ्रॉगची वायर सांध्याच्या दांड्याबरोबर फिरणाऱ्या स्विचमधून. प्लास्टिकऐवजी धातूची फिशप्लेट राहिली आणि पलीकडूनही फीड (वीज) दिला, तर सांधा फिरवताच शॉर्ट. डीसीसीवर (डिजिटल नियंत्रणावर) मात्र फिशप्लेटपलीकडे प्रत्येक लाइनीला वेगळा फीडर लागतोच.

आता नागपूरची गंमत. डिसेंबरात रूळ टोकाला टोक भिडवून टाकले तर मेमध्ये ते फुगून वर येणारच. निकेल-सिल्व्हरचा मीटरभर रूळ 30 अंशांच्या फरकाने अर्धा मिमी वाढतो. आज खोलीत 40 अंश आहे, त्यामुळे फट फार कमी ठेवली. थंडीत ती आपोआप उघडेल. कुलरचा ओलावा त्याहून वाईट. प्लायच्या कापलेल्या कडा उघड्या ठेवल्या की त्या फुगतात आणि बोर्डांच्या जोडावर रूळ उंच-खाली होतो. कडांना ऑइलपेंटचे दोन हात दिलेत, वाळायला रात्र जाईल.

खडी दोन आठवडे टाकायची नाही. आधी आठ वाघिणींचा रेक मागे ढकलत प्रत्येक सांध्यावरून वीस वेळा. टाकताना सांध्याच्या दांड्याखाली तेलाचा थेंब, नाहीतर पातळ केलेला फेव्हिकॉल आत झिरपून दांडा जाम होतो.