बिल्ट-इन ओव्हन बदलताना: भिंतीतल्या वायरपासून सुरुवात

पहिला शनिवार. पुण्यातील आमच्या स्वयंपाकघरातला जुना बिल्ट-इन ओव्हन बदलण्याचे काम या महिन्यात हाती घेतले. जुन्या ओव्हनच्या पाटीवर २,३०० वॅट लिहिले होते, म्हणजे २३० व्होल्टला बरोबर १० अँपिअर. नवा ओव्हन ३,५०० वॅटचा असल्यामुळे तो १५.२ अँपिअर घेतो. १६ अँपिअरच्या प्लगमध्ये हा आकडा कसाबसा बसतो, परंतु हीटिंग एलिमेंट हा निव्वळ रोध असल्याने व्होल्टेज वाढले की प्रवाहही त्याच प्रमाणात वाढतो. रात्री उशिरा आमच्याकडे मल्टिमीटरने २४८ व्होल्ट दाखवले आहेत, आणि त्या वेळी हाच ओव्हन १६.४ अँपिअर घेईल. शिवाय जुना प्लग उपसला तेव्हा त्याची फेजची पिन काळवंडलेली होती. १० अँपिअरवर ज्या सैल सॉकेटने ही अवस्था केली, त्यावर दीडपट भार टाकणे मला मान्य नव्हते.

भिंतीतल्या वायरचा माग काढल्यावर खरा प्रश्न समोर आला. ओव्हनच्या सॉकेटला डीबीपासून, म्हणजे घराच्या मुख्य वितरण पेटीपासून, स्वतंत्र लाइन नव्हतीच. फ्रिजच्या पॉइंटवरून २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरने लूप मारलेला होता. नुसता मोठा एमसीबी (प्रवाह मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडणारा स्विच) बसवून घ्या, असा सल्ला मला दोघांनी दिला, आणि तो मला सर्वांत धोकादायक वाटतो. एमसीबी ओव्हनचे नव्हे, तर भिंतीतल्या वायरचे रक्षण करतो. वायर तीच ठेवून एमसीबी वाढवला, तर वायर तापत राहते आणि तो पडतच नाही.

दुसरा शनिवार. परवानाधारक वायरमनला बोलावून डीबीपासून ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची स्वतंत्र लाइन ओढून घेतली आणि तिला २० अँपिअरचा एमसीबी दिला. अंतर १२ मीटर आहे, म्हणजे जाऊन-येऊन २४ मीटर. अडीचच्या वायरीत पूर्ण भारावर सुमारे ३ व्होल्ट पडले असते आणि जवळजवळ ४५ वॅट उष्णता पाइपातच साठली असती. चारच्या वायरीत हे नुकसान साधारण २७ वॅटवर येते. जुन्या पाइपातून नव्या वायरी जाईनात, म्हणून ओट्याखालच्या भागात नवी झिरी मारावी लागली आणि त्यात अख्खा दिवस गेला.

नव्या ओव्हनच्या माहितीपुस्तिकेत फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा, संपर्कांमध्ये किमान ३ मिलिमीटर अंतर ठेवणारा स्विच मागितला आहे. ही अट पूर्ण करणारा डबल पोल आयसोलेटर ओव्हनच्या मागे न बसवता शेजारच्या कपाटात बसवला, कारण काही बिघडले तर ओव्हन बाहेर ओढल्याशिवाय हात पोहोचला पाहिजे. जोडणी करताना भिंतीतली लाल वायर ओव्हनच्या तपकिरी वायरीला, काळी निळ्या वायरीला आणि हिरवी हिरव्या-पिवळ्या वायरीला जोडली. बहुतारी टोकांना फेरूल (बारीक तारा एकत्र धरणारी धातूची छोटी नळी) लावल्याशिवाय ती स्क्रूखाली घालू नयेत, असे मी आग्रहाने सांगेन.

तिसरा शनिवार. पहिल्यांदा ग्रिल चालू करताच ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) पडला आणि सगळे घर अंधारात गेले. ओव्हन सोडवून लाइन ५०० व्होल्टच्या मेगरने (वायरचे इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरने) तपासली, तर ती निर्दोष निघाली. ओव्हन खोक्यातच दोन महिने पावसाळ्यात पडून होता. एलिमेंटमधील मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ओलावा शोषते आणि त्यातून अर्थिंगकडे विजेची गळती होते. आरसीसीबी वगळून एलिमेंट तापवण्याचा मार्ग काही जण सांगतात, पण तो मी कदापि अवलंबणार नाही. पंख्याभोवतीचे एलिमेंट आरसीसीबी न पाडता चालत होते, म्हणून त्यावर १०० अंशांला दोन तास ओव्हन चालू ठेवला. त्यानंतर ग्रिल टिकले. सर्व एलिमेंट चालू असताना क्लॅम्प मीटरवर १५.० अँपिअर दिसले आणि अर्ध्या तासानंतरही आयसोलेटर हाताला जेमतेम कोमट लागत होता.

पुढील महिन्यात पुरवठा बंद करून सर्व स्क्रू पुन्हा आवळायचे आहेत, आणि गळतीमुळे पुन्हा सगळे घर बंद पडू नये म्हणून ओव्हनच्या लाइनला स्वतंत्र आरसीबीओ (एमसीबी आणि आरसीसीबी दोन्हींचे काम करणारा स्विच) घ्यायचा आहे. मात्र त्यासाठी डीबीत आधी दोन मॉड्यूलची जागा मोकळी करावी लागेल.