बॅलिना, पण कुठल्या काउंटीतलं?

आयर्लंडमधल्या मॉय नदीत कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून चार-पाच जण गळ टाकत होते. मी काठावरून फोनवर घरमालकीणबाईंना सांगत होते, "पूल दिसतोय, मोठं चर्च दिसतंय, तुमचं घर तेवढं सापडत नाहीये."

"नदी कुठली आहे समोर?"

"मॉय."

पलीकडे क्षणभर शांतता आणि मग खळखळून हसणं. बाईंचं बॅलिना टिपररी काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हा), शॅनन नदीच्या काठी. आम्ही दोघं उभे होतो ते बॅलिना मेयो काउंटीत. मध्ये गाडीचा जवळजवळ तीन तासांचा रस्ता.

चूक सर्वस्वी माझी. बॅलिना शोधलं, खिडकीतून नदी दिसणारी खोली आवडली, पैसे भरले. पत्त्याच्या शेवटी एअरकोड होता, तिकडे बघितलंच नाही. आयर्लंडमध्ये २०१५ साली हा सात अक्षरी पिनकोड आला आणि तो प्रत्येक घराला वेगळा असतो. मेयोतल्या बॅलिनाचा एफ२६ ने सुरू होतो, माझ्या बुकिंगवर व्ही९४ होतं. तेव्हा जाणाऱ्यांना पहिली विनंती हीच: नकाशात गावाचं नाव घालू नका, एअरकोड घाला.

बाई भल्या होत्या. "उद्या या, खोली ठेवते," म्हणाल्या. त्या रात्रीसाठी मात्र मेयोत खोली शोधता शोधता नाकी नऊ आले. मॉय ही सॅमनसाठी नावाजलेली नदी, मासेमारीचा हंगाम ३० सप्टेंबरला संपतो आणि आम्ही नेमके शेवटच्या आठवड्यात पोचलो होतो. शेवटी मिळाली ती पबच्या वरची खोली. रात्री एकपर्यंत खाली फिडल वाजत होतं. नवरा म्हणाला, गाणं फुकट मिळालं.

तिथल्या रस्त्यांवरच्या पाट्यांवर वर तिरप्या अक्षरांत आयरिश नाव असतं आणि खाली इंग्रजी. आपली नजर खालच्या ओळीवर जाते, पण खरी माहिती वरच्या ओळीत असते. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात सगळा देश मोजून नकाशे केले, तेव्हा कानाला ऐकू आलेली आयरिश नावं इंग्रजी स्पेलिंगात बसवली गेली. त्यात वेगवेगळे शब्द एकाच साच्यात गेले. 'किल' म्हणजे कुठे चर्च, तर कुठे रान. 'बॅली' म्हणजे बहुतेक ठिकाणी 'बाल्ये', म्हणजे गाव, वस्ती. पण बॅलिनातलं 'बॅल' ते नव्हेच. मूळ नाव 'बेअल अन आहा', म्हणजे उताराचं तोंड, नदी पायी ओलांडायची जागा. आमच्या दुर्दैवाने दोन्ही बॅलिनांचं आयरिश नावही हेच. दोन्हीकडे नदी, दोन्हीकडे उतार. तिथे पाटीही उपयोगाची नाही, काउंटीच विचारायला हवी.

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तरेला समुद्राकडे निघालो. वाटेत बॅलीकॅसल लागतं. अँट्रिम काउंटीत याच नावाचं जास्त प्रसिद्ध गाव आहे, आणि गाडीतल्या नकाशाने आधी तेच पुढे केलं. हा घोटाळा महागात पडू शकतो, कारण अँट्रिम म्हणजे उत्तर आयर्लंड, म्हणजे यूके. सीमेवर कुणी अडवत नाही, रस्त्यावरचे किलोमीटर गुपचूप मैल होतात एवढंच, पण भारतीय पासपोर्टला व्हिसा मात्र लागतो. आयरिश व्हिसावर 'बीआयव्हीएस' (ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना) असा शेरा असेल तर दोन्हीकडे चालतो. नसेल तर सीमेच्या अलीकडेच राहा.

गंमत म्हणजे ही दोन बॅलीकॅसल मुळात एका नावाची नाहीतच. अँट्रिमचं नाव किल्ल्यावरून, कॅसलवरून. मेयोतलं नाव 'कॅशेल'वरून, म्हणजे दगडी गोल तटबंदीवरून. आयरिश स्पेलिंगात फरक फक्त एका 'टी'चा. मी पाटीसमोर गाडी थांबवून तो 'टी' नसल्याची खात्री करून घेतली. मागचा ट्रॅक्टरवाला शांतपणे थांबून राहिला.

पुढे डाउनपॅट्रिक हेड. (सेंट पॅट्रिकला पुरलं असं मानतात ते डाउनपॅट्रिक पार पूर्वेला, डाउन काउंटीत.) इथे कड्यापासून तुटून उभा राहिलेला एक प्रचंड सुळका आहे, नाव डून ब्रिश्ट, तुटलेला गड. थरांवर थर रचलेले, वर हिरवं टोपडं. कड्याला सगळीकडे कठडा नाही आणि वारा माणसाला ढकलतो, तेव्हा फोटोसाठी पुढे सरकू नका. जवळच केजा फील्ड्स. पीटच्या, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींच्या थराच्या, दलदलीखाली अश्मयुगातल्या शेतांचे दगडी बांध सापडले ते इथे. १९३०च्या दशकात गावातल्या एका शाळामास्तरांना पीट कापताना खाली रचलेले दगड दिसले, तिथून सुरुवात. दीड तास हाताशी ठेवा, वॉटरप्रूफ बूट घाला.

टिपररीला पोचेपर्यंत अंधार पडला. बाईंनी गरम सूप दिलं. सकाळी खिडकीतून शॅनन दिसली, आणि जुन्या दगडी पुलापलीकडे किलालू. हा 'किल' चर्चवाला. ब्रायन बोरू राजाची राजधानी इथलीच. पूल ओलांडला की काउंटी बदलते, इकडे टिपररी, तिकडे क्लेअर. वर लगेच लॉख डर्ग हे मोठं सरोवर. नवऱ्याने तीन दिवस अनवाणी, उपाशी राहून करायच्या यात्रेबद्दल वाचलं होतं, ते बेट कुठे दिसतं असं त्याने विचारलं. बाई पुन्हा हसल्या. ते लॉख डर्ग डोनेगलमध्ये, आणि आयरिशमध्ये दोघांची नावंही वेगळी.

"तुमच्याकडे असा गोंधळ होत नाही?" त्यांनी विचारलं. मी वडगाव बुद्रुक आणि वडगाव खुर्द सांगितलं. त्या म्हणाल्या, आमचं 'मोर' आणि 'बेग', थोरलं आणि धाकटं. मग मी सांगितलं की तुमचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर यांचं आडनावच मुळी गावाचं आहे, मालवण तालुक्यातल्या वराडचं. हे त्यांना नवीन होतं. दिवसभर येईल त्याला सांगत होत्या.

दोन बारीक गोष्टी राहिल्या. वाहन डावीकडूनच चालवायचं असल्यामुळे आपल्याला जड जात नाही, पण गाडी ऑटोमॅटिक हवी असेल तर आधीच सांगून ठेवा. गावाकडच्या अरुंद रस्त्यांवर वेगमर्यादा आता ६० आहे, आणि तेवढाही वेग बहुतेक वेळा गाठता येत नाही.

निघताना बाईंनी पुढचा मुक्काम विचारला. म्हटलं, कॅशेल.

"कुठलं? खडकावरचं, की कॉनेमारातलं?"

मी फोन काढून कोड दाखवला: ई२५. "खडकावरचं. बरोबर आहे," म्हणाल्या, आणि कागदात सोडा ब्रेडचे चार तुकडे बांधून दिले.