तुम्ही विचारलंत म्हणून: मातीच्या कामाचा चाकू

वरुड भागातल्या आमच्या संत्र्याच्या बागेत येणारे पाहुणे, नव्याने वावराकडे वळलेली गावातली पोरे आणि कधी कधी ठिबकची जोडणी करणारे कारागीरही मला एक प्रश्न हमखास विचारतात, तो असा की मळक्या आणि रांगड्या कामासाठी खिशात कोणता चाकू ठेवावा. विचारणाऱ्याला बहुधा एखाद्या कंपनीचे किंवा पोलादाचे नाव ऐकायचे असते. नावे मी पुढे सांगेनच, परंतु निवडीची सुरुवात मी दुसऱ्या टोकाकडून करतो. नवा चाकू कसा कापतो याला फार किंमत देऊ नये, कारण पहिल्या दिवशी सगळेच चांगले कापतात. दिवसभर माती, खत आणि झाडाचा चीक खाऊन झाल्यावर तो संध्याकाळी बादलीभर पाण्यात किती सहज स्वच्छ होतो आणि साध्या दगडावर किती लवकर पाजवला जातो, हे पाहून चाकू घ्यावा.

आपल्याकडची कामे डोळ्यांसमोर आणली म्हणजे हे पटेल. युरियाच्या 45 किलोच्या गोणीची शिवण उसवायची, चिखलात लोळलेली 16 मिलिमीटरची ठिबकची नळी कापायची, नायलॉनची दोरी तोडायची, मोटारीच्या वायरीचे वेष्टण सोलायचे, पीव्हीसी पाइप करवतीने कापल्यावर त्याच्या तोंडाचा बूर खरडून काढायचा, पऱ्हाटीत अडकलेली सुतळी सोडवायची. या सगळ्यांत पात्याचे खरे नुकसान ज्या वस्तूला आपण कापतो तिच्यामुळे फारसे होत नाही; ते होते तिच्यावर बसलेल्या मातीमुळे. काळ्या मातीची चिकण स्वतः मऊ असते, पण तिच्यात वाळूचे बारीक कण मिसळलेले असतात, आणि वाळूतली गारगोटी चाकूच्या पोलादापेक्षा कठीण असते. म्हणून चिखल लागलेली नळी आधी फडक्याने पुसून मग कापावी. एवढ्या एका सवयीने धार जितकी टिकते तितकी ती महागड्या पोलादानेही टिकत नाही.

आता पोलादाविषयी. बाजारात हल्ली डी2 जातीच्या पोलादाचे चाकू बरेच दिसतात. त्यात सुमारे दीड टक्का कार्बन आणि बारा टक्के क्रोमियम असते, आणि त्याची धार खरोखरच दीर्घकाळ टिकते, हे मान्य करायला हवे. पण ते एकदा बोथट झाले की हार्डवेअरच्या दुकानातल्या साध्या दगडावर पटकन पाजवले जात नाही, आणि त्यातल्या क्रोमियमचा बराचसा भाग कार्बनशी बांधला गेल्यामुळे ते अस्सल स्टेनलेससारखे गंज रोखतही नाही. दुसऱ्या बाजूला आठवडी बाजारात लोहाराने किंवा घिसाड्याने ट्रकच्या कमानपट्ट्यापासून घडवलेला चाकू मिळतो. त्यात कार्बन अर्धा ते पाऊण टक्क्याच्या दरम्यान असतो, तो चिवट असतो, त्याचा तुकडा सहसा उडत नाही आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून दोन मिनिटांत त्याला धार येते; परंतु खताच्या गोणीला लागलेला हा चाकू न पुसता रात्रभर खिशात राहिला तर सकाळी त्यावर तांबूस डाग उमटलेले असतात. या दोन टोकांच्या मधले, तेरा ते चौदा टक्के क्रोमियमचे आणि मध्यम कठीणपणाचे स्टेनलेस मला आपल्या कामाला सर्वांत योग्य वाटते. ओपिनेल या फ्रेंच कंपनीच्या स्टेनलेस चाकूंत वापरले जाणारे स्वीडिश 12सी27 हे या जातीचे पोलाद आहे आणि स्वस्त चाकूंत येणारे चिनी 8सीआर13एमओव्ही हेही याच गटातले म्हणता येईल. मात्र स्टेनलेस म्हणजे निश्चिंती नव्हे. म्युरेट ऑफ पोटॅश हे क्लोराइडयुक्त खत आहे, आणि क्लोराइड स्टेनलेसलाही बारीक खड्डे पाडते. त्या खताच्या गोणीला चाकू लागला की तो धुवायचाच.

संत्र्याच्या बागेतले सर्वांत घाणेरडे काम मात्र डिंक्याचे. फायटोप्थोरा बुरशीमुळे खोडातून डिंक पाझरू लागतो, साल कुजते, आणि ती कुजकी साल थोड्या निरोगी भागासह खरवडून काढून त्या जागी बोर्डो मलम लावावा लागतो. मलमाचे प्रमाण एक किलो मोरचूद (म्हणजे तांब्याचे क्षार, कॉपर सल्फेट), एक किलो कळीचा चुना आणि दहा लिटर पाणी असे असते. खरवडताना पात्यावर डिंक, ओली साल आणि खोडाच्या बुंध्याची माती यांचा लगदा बसतो आणि तो वाळला की नखानेही निघत नाही. त्यातच आजारी झाडावर चाललेले पाते निरोगी झाडाला लावायचे नसते, म्हणून प्रत्येक झाडानंतर ते सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवावे लागते, आणि हे द्रावण साध्या लोखंडाला पाहता पाहता गंज चढवते. ज्या चाकूच्या पात्याला कोरीव नक्षी, भोके, खाचा किंवा रंगाचा काळा लेप असेल तो या कामात नकोसा होतो. गुळगुळीत, सपाट, बिनलेपाचे पाते फडक्याच्या एका हाताने साफ होते.

एका कामाला मात्र साधे लोखंडच लागते आणि ते सांगितल्यावाचून राहवत नाही. फवारणीसाठी बोर्डो मिश्रण तयार केल्यावर त्यात मोकळे मोरचूद उरले आहे की नाही हे पाहण्याची जुनी रीत अशी आहे की लोखंडी पाते घासून चकचकीत करावे आणि काही वेळ मिश्रणात बुडवून ठेवावे. पात्यावर तांब्याचा तांबूस थर चढला तर चुना कमी पडला असे समजून आणखी चुन्याची निवळी घालावी आणि पुन्हा पाहावे. पाते होते तसेच राहिले तर मिश्रण फवारायला हरकत नाही. निष्प्रभ न झालेले तांबे लोखंडावर येऊन बसते आणि तेच तांबे कोवळी पाने करपवते, म्हणून ही परीक्षा टाळू नये. स्टेनलेसवर असा थर नीट धरत नाही. आमच्याकडे हे काम जुन्या विळ्याने भागते, त्यामुळे खिशातला चाकू स्टेनलेस असण्याला अडचण येत नाही.

पात्याइतकाच विचार सांध्याचा करावा लागतो, किंबहुना घडीच्या चाकूत मातीच्या कामात पहिला दगा सांधाच देतो. चाकू उघडल्यावर पाते अडवून धरणारे लॉक असावे, कारण ओल्या हाताने दोरी ओढून कापताना पाते बोटांवर मिटले तर जखम खोल होते. मागच्या कण्यावर खाच असलेल्या लॉकमध्ये चिखल आणि कापसाचे तंतू त्या खाचेत दडपले जातात, आणि लॉक बसल्यासारखे वाटूनही पूर्ण बसलेले नसते. मुठीच्या आतली पत्र्याची पट्टी पात्यामागे सरकते त्या प्रकारचे लॉक मला पसंत आहे. त्याची मूठ मागून मोकळी असेल तर आरपार उजेड दिसतो, पाण्याची धार आरपार जाते, आणि पट्टी जागेवर आली की नाही हे डोळ्यांनी पाहता येते. फ्रान्सच्या साव्हॉय भागात 1890 पासून बनणारा ओपिनेल सुंदर कापतो, आणि 1955 पासून त्याला असलेली फिरती कडी अतिशय साधी व भरवशाची आहे, पण त्याची बीच लाकडाची मूठ पाण्याने फुगते आणि श्रावणात पाते बाहेर काढताना नखाची परीक्षा पाहते. उन्हाळ्यात आणि स्वयंपाकघरात तो जरूर वापरावा. बटण दाबताच उघडणारा खटक्याचा चाकू शेतात कोणीही घेऊ नये; त्याच्या स्प्रिंगमध्ये माती शिरली की तो निकामी होतो, आणि तो खिशात बाळगण्याचे कारण पोलिसांना पटवून देणेही कठीण जाते. आपल्या शस्त्र नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पाते शस्त्र म्हणून मोजले जाते आणि घरगुती व शेतीच्या अवजारांना त्यातून सूट आहे. खिशातल्या चाकूला आठ-नऊ सेंटिमीटरचे पाते पुरेसे असल्याने त्या मर्यादेपर्यंत जाण्याचा प्रश्न येत नाही.

अनेक जण विचारतात की एवढा विचार करण्यापेक्षा तुकडे मोडत जाणारे कटर का वापरू नये. जपानमध्ये 1956 साली ओल्फा या कटर बनवणाऱ्या कंपनीच्या संस्थापकाने काढलेली ही युक्ती खरोखर कामाची आहे, आणि गोदामात, दुकानात किंवा ठिबकचे बंडल सोडताना 18 मिलिमीटरचे कटर मीही वापरतो. गोठ्यात आणि कुटाराच्या ढिगाजवळ मात्र ते नेऊ नये, हे मी कळकळीने सांगतो. मोडलेला तुकडा कुटारात पडला की तो कोणाला सापडत नाही आणि गाय किंवा बैल चारा न चावता भराभर गिळतात. तार, खिळा असे धारदार लोखंड पोटाच्या जाळीदार कप्प्यात अडकते, पोटाच्या हालचालीने पुढे सरकते आणि शेजारीच असलेल्या हृदयाच्या आवरणापर्यंत पोहोचू शकते. जनावर खाणे सोडते, कण्हते, कोपर बाहेर काढून उभे राहते, आणि तोवर बराच उशीर झालेला असतो.

आकाराविषयी थोडक्यात सांगतो. धार सरळ आणि टोक बोथट असलेले पाते गोणी, नळी व दोरी यांना उत्तम, शिवाय जनावराच्या गळ्यातला फास कापताना टोक त्याच्या कातड्यात रुतत नाही. करवतीसारखे दाते असलेली धार नायलॉन लवकर कापते, पण ती शेतात पाजवता येत नाही म्हणून मी घेत नाही. तिची उणीव दुसऱ्या मार्गाने भरून निघते: दगडाच्या खरखरीत बाजूवर धार लावून तिथेच थांबावे, बारीक बाजूवर घोटून चकचकीत करू नये. अशा किंचित खरबरीत धारेला तंतू पकडतात. रांगड्या कामासाठी दोन्ही बाजूंनी अंदाजे पंचवीस अंश कोन ठेवला तर धार कमी वळते. झाडाचा डोळा (कळी) काढून दुसऱ्या खोडावर बांधण्याचा, म्हणजे कलमाचा, चाकू मात्र याहून पातळ धारेचा हवा, तो वेगळाच ठेवावा आणि त्याने गोणी उघडू नये.

धुऊन कोरडा केलेल्या चाकूच्या सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरतो. घरात जवसाचे तेल असते म्हणून ते घालू नये. ते हवेत सुकून राळेसारखे घट्ट होते आणि सांधा जाम करते. मुठीचा रंग शक्यतो भगवा किंवा पिवळा निवडावा आणि तिला दोरी ओवण्यासाठी भोक असल्याची खात्री करून घ्यावी, कारण काळ्या मुठीचा चाकू काळ्या वावरात पडला की वखरणी होईपर्यंत सापडत नाही.