दारावरचा कॅमेरा कुणाच्या घरात बघतोय?

सीसीटीव्ही बसवायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "परमिशन लागते का हो?" मी सोसायटीच्या कमिटीवर आहे त्यामुळे हे मला जिन्यात, लिफ्टमध्ये, भाजी घेताना, कुठेही विचारतात, म्हणून एकदा नीट लिहूनच टाकते. महाराष्ट्रात आपल्या घरात, आपल्या हद्दीत कॅमेरा लावायला महापालिकेचा किंवा पोलिसांचा वेगळा परवाना लागत नाही. फॉर्म नाही, फी नाही. आणि बहुतेक लोक इथंच खूश होऊन कॅमेरावाल्याला फोन लावतात, तो नेमकं काय बघणार आहे हे कुणी विचारतच नाही, आणि माझ्या मते सगळी भांडणं तिथूनच सुरू होतात.

आधी हद्द म्हणजे काय ते बघू. बंगला असेल तर कंपाउंडच्या आतलं तुमचं. फ्लॅट असेल तर दाराच्या आतलं तुमचं, दाराबाहेरचा पॅसेज, जिना, लिफ्टसमोरची जागा सोसायटीची. म्हणजे दारावर बाहेरच्या बाजूला कॅमेरा लावायचा तर सेक्रेटरीला एक साधा अर्ज द्या, कोणता कॅमेरा, कुठल्या दिशेला, एवढं लिहा, कमिटी मीटिंगमध्ये विषय घेऊन मिनिट्समध्ये नोंद होऊ द्या. समोरच्यांना आधी सांगा, शक्यतो स्वतः जाऊन सांगा. सोसायटीचे स्वतःचे कॅमेरे, म्हणजे गेट, पार्किंग, लिफ्ट, टेरेसचं दार वगैरे, त्याचा खर्च आणि जागा जनरल बॉडीत ठराव करून घ्यावा, नाहीतर वर्षभर तेच ऐकायला लागतं. रस्त्यावरचा खांब, फुटपाथ, विजेचा पोल यावर मात्र आपला काही हक्क नाही, ज्याचा खांब त्याची लेखी परवानगी हवी.

आता आमच्याच बिल्डिंगमधली गोष्ट. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी दारावर डोम कॅमेरा, म्हणजे तो अर्धगोल घुमटासारखा, बसवला. हेतू अगदी चांगला, मुलं परदेशात, हे दोघंच घरी, कुरिअरवाले येतात जातात. पण लेन्स होती २.८ एमएमची, ती इतकी रुंद बघते की अरुंद पॅसेजमध्ये समोरचं दार फ्रेममध्ये येणारच. मोबाइलवर पिक्चर बघितलं तर समोरच्या ताईंचं दार उघडं असलं की त्यांचा हॉल, सोफ्यावर वाळत टाकलेले कपडे, आतल्या खोलीचा अर्धा दरवाजा, सगळं स्वच्छ दिसत होतं. ताई म्हणाल्या, "काका, मी गाऊनवर असते, दार उघडं टाकून केर काढते, आता सारखं कुणीतरी बघतंय असं वाटतं." काकांना खरंच वाईट वाटलं, त्यांच्या हे डोक्यातच आलं नव्हतं. कॅमेरा बसवणाऱ्या मुलाला परत बोलावलं, त्यानं डोम थोडा खाली वळवला आणि सेटिंगमध्ये जाऊन प्रायव्हसी मास्क टाकला, म्हणजे बोटानं एक चौकोन ओढला आणि समोरच्या दाराच्या जागी काळा पॅच आला, तो रेकॉर्डिंगमध्येसुद्धा काळाच राहतो. ताईंनी स्वतः काकांचा फोन हातात घेऊन बघितलं तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं. ही सोय आजकालच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत असते, पैसे लागत नाहीत, पण आपण विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. माइकचंही तसंच, पॅसेजमधल्या कॅमेऱ्याचा माइक बंदच करून घ्या, लोकांचं दारातलं बोलणं रेकॉर्ड करायचं काही कारण नाही.

"माझं घर, माझा कॅमेरा" म्हणणाऱ्यांना मी १८८२ चा ईझमेंट कायदा, म्हणजे दुसऱ्याच्या जागेवरच्या वहिवाटीच्या हक्कांचा कायदा, सांगते. त्याच्या कलम १८ मध्ये उदाहरण दिलंय की एखाद्या गावात तशी रूढी असेल तर शेजाऱ्याच्या खाजगीपणावर घाला येईल अशी नवी खिडकी कुणाला पाडता येत नाही. कॅमेरा कुणाच्या स्वप्नातही नव्हता तेव्हाची गोष्ट आहे ही! म्हणजे शेजाऱ्याच्या घरात डोकावायचं नाही ही समजूत आपल्याकडे जुनी आहे. मग २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क म्हणून मान्य केला. आणि २०२५ मध्ये कोलकात्याचं एक प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, एकाच घरात राहणाऱ्या दोन भावांचं, एकानं घराच्या राहत्या भागात कॅमेरे लावले, दुसऱ्याची संमती नव्हती. हायकोर्टानं दुसऱ्याच्या बाजूनं निकाल दिला आणि सुप्रीम कोर्टानं त्याविरुद्धचं अपील फेटाळलं. सख्ख्या भावाला विचारल्याशिवाय चालत नाही तर समोरच्या फ्लॅटचं काय!

आपल्याच राज्यातलं उदाहरण हवं असेल तर जानेवारी २०१९ चा डान्स बारवाला निकाल बघा. सरकारनं तिथं सीसीटीव्ही सक्तीचे केले होते, सुप्रीम कोर्टानं ती अट खाजगीपणाच्या मुद्द्यावर रद्द केली. डान्स बारबद्दल कुणाचं काय मत असेल ते असो, पण सरकारनं सुरक्षेचं कारण दिलं तरी कॅमेरा कुठेही चालेल असं नाही, हे त्यातून कळतं.

फौजदारी कलमंही माहीत असू द्या. एखाद्याच्या शरीराच्या खाजगी भागाचं चित्रण संमतीशिवाय केलं तर आयटी कायद्याचं कलम ६६ई लागतं, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बाईचं तिच्या खाजगी क्षणी चित्रण केलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम ७७, पहिल्याच गुन्ह्याला किमान एक वर्ष. त्यामुळे बाथरूम, कपडे बदलायची जागा, कामवाल्या मावशी जिथे आवरतात ती खोली, इथं कॅमेरा नाही म्हणजे नाही, चोरीचा संशय असला तरी नाही.

आणि आता मला सगळ्यात जास्त टोचणारा मुद्दा, फुटेज. आमच्याकडे आधी मॉनिटर वॉचमनच्या केबिनमध्ये होता, येणारा जाणारा कुणीही बघायचा. एक दिवस बी विंगमधल्या एका मुलीची रात्री उशिरा मित्राच्या बाइकवरून उतरतानाची क्लिप ग्रुपवर आली, कुणीतरी मोबाइलनं स्क्रीनचं शूटिंग केलेलं, खाली "पालकांनी लक्ष द्यावं" असा मेसेज. ती मुलगी सेकंड शिफ्ट करून घरी येत होती. सुरक्षेसाठी तिच्याही मेंटेनन्समधून घेतलेला कॅमेरा तिच्याच अंगावर सोडला! मी त्या मीटिंगमध्ये खूप बोलले आणि पुन्हा बोलायची वेळ आली तर पुन्हा बोलेन. त्यानंतर ठराव झाला की मॉनिटर आणि डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र, ऑफिसमध्ये कुलपात, पासवर्ड फक्त सेक्रेटरी आणि चेअरमनकडे, फुटेज बघायचं तर लेखी अर्ज, तारीख वेळ कारण लिहून, आणि दोन कमिटी मेंबरसमोरच. मोबाइलनं स्क्रीन शूट करायची नाही. पोलिसांना हवं असेल तर त्यांनी लेखी मागणी द्यावी, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम ९४ खाली त्यांना ती करता येते, आणि आपण दिलं की रजिस्टरला नोंद करायची. गेटवर, लिफ्टमध्ये "इथे सीसीटीव्ही चालू आहे" हा बोर्डही तेव्हाच लावला.

फुटेज म्हणजे लोकांची वैयक्तिक माहितीच, आणि तिच्यासाठीचा २०२३ चा डेटा संरक्षण कायदा घरगुती, वैयक्तिक कामासाठीच्या वापराला लागू नाही, पण सोसायटी किंवा दुकान म्हणजे घरगुती नव्हे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या दीड वर्षानं सुरू होणार आहेत, म्हणजे आत्ताच घडी बसवून ठेवलेली बरी.

पासवर्डवरून आठवलं, फॅक्टरीतून आलेला पासवर्ड तसाच ठेवू नका हो. राजकोटच्या एका प्रसूतिगृहातलं फुटेज फेब्रुवारी २०२५ मध्ये टेलिग्रामवर विकायला निघालं होतं, तपासणी चालू असलेल्या बायकांचं. त्यात पकडलेल्यांमध्ये आपल्याकडच्या लातूर सांगलीचेही होते. कॅमेरा बसवणारा मुलगा पासवर्ड सेट करून जातो आणि तो त्याच्याही फोनमध्ये राहतो, तो गेला की लगेच बदला. नवीन कॅमेरा घेताना सरकारी सुरक्षा तपासणी झालेलं मॉडेल आहे का ते विचारा, ९ एप्रिल २०२५ पासून नव्या कॅमेऱ्यांना ती बंधनकारक आहे.

शेवटचं, खरंच चोरी वगैरे झाली तर नुसती पेनड्राइव्हवर क्लिप देऊन भागत नाही. जालन्याच्या निवडणुकीवरचा खोतकर विरुद्ध गोरंट्याल खटला, त्यातही मुद्दा व्हिडिओ रेकॉर्डिंगचाच होता, आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की मूळ यंत्र कोर्टात आणता येत नसेल तर प्रमाणपत्र पाहिजेच. आता ते भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या, म्हणजे पुराव्याच्या नव्या कायद्याच्या, कलम ६३ खाली द्यावं लागतं, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यूसुद्धा, म्हणजे फाइल बदलली तर बदलणारा तिचा ओळख-कोड, लिहायची असते. डीव्हीआर साधारण पंधरा दिवस ते महिनाभरात जुन्यावर नवीन रेकॉर्ड करतो, म्हणून काही घडलं तर त्याच दिवशी कॉपी काढून ठेवा. आणि डीव्हीआरचं घड्याळ बरोबर आहे ना ते आजच बघा, लाइट गेल्यावर बऱ्याच ठिकाणी ते मागे पडतं आणि मग रात्री दोनची चोरी स्क्रीनवर दुपारची दिसते.