उंच कमानीचा पाय आणि गाविलगडची उतरण

पोळ्यानंतरची नोंद. टाचेचं दुखणं आता सकाळच्या पहिल्या काही पावलांपुरतं उरलंय आणि चिखलदऱ्याजवळचा गाविलगड किल्ला फिरून आल्यावर चवड्याची आग होत नाही. परतवाडा-अकोट पट्ट्यातले बरेच जण बुटांबद्दल विचारतात, म्हणून या वेळी वाटेपेक्षा पायांवरच जास्त लिहितेय.

आधी पाय ओळखा. तळवा ओला करून कोरड्या शहाबादी फरशीवर ठेवला की माझी टाच उमटते, चवडा उमटतो, आणि मधे बाहेरच्या कडेला जेमतेम बोटभर पट्टी. डाव्या पायाची तर तीही नाही. म्हणजे तळव्याची मधली कमान उंच, ती जमिनीला टेकतच नाही. सगळं वजन दोनच ठिकाणी येतं. सपाट पाय टेकताना थोडा पसरतो आणि धक्का जिरवतो. हा पाय ताठ, त्यामुळे धक्का टाचेत, चवड्यात आणि वर नडगीपर्यंत जातो. त्यात तो बाहेर कलतो. जुने बूट उलटे करून पाहा, बाहेरची कड आधी झिजलेली दिसेल. घोटाही बाहेरच्या अंगानेच मुरगळतो.

आता बाजार. अमरावतीत दुकानात गेलं की "ताई, सपोर्टवाला घ्या नं" म्हणत जो बूट पुढे येतो, तो बहुतेकदा आतल्या बाजूने कडक केलेला असतो. ती सोय आत कोसळणाऱ्या सपाट पायासाठी आहे. आपला पाय आधीच बाहेर झुकलेला, त्याला तो आणखी बाहेर लोटतो. आपल्याला हवा न्यूट्रल बूट, म्हणजे पायाला आत-बाहेर कुठेच न लोटणारा: टाचेखाली चांगली गादी, बूड रुंद, आणि पावलाच्या पाठीवर ऐसपैस जागा. कमान उंच म्हणजे पाठही उंच, हे दुकानदाराला सांगूनही पटत नाही.

बूट घ्यायला संध्याकाळीच जाते, दिवसभरात पाय थोडा फुगलेला असतो. मोजे ट्रेकचेच. बूट हातात घेऊन पिळून बघते. फडक्यासारखा पिळला गेला तर परत. वाकवला तर चवड्याच्या रेषेत वाकला पाहिजे, मधोमध नाही. टाचेमागची वाटी अंगठ्याने दाबून चेपायला नको. मग दुकानाचा जिना उतरायचा: बोटं पुढे आदळली तर तो नंबर आपला नाही. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा लागतेच. बायकांच्या मापात चवडा आवळत होता, शेवटी पुरुषांच्या रॅकवरचा घेतला.

उंच घोट्याचा की बुटका? मी बुटका घेतला. उंच घोट्याने मुरगळणं थांबेलच असं नाही, आणि मेळघाटच्या उन्हात तो पायाची भट्टी करतो. वॉटरप्रूफही नको वाटतो. आपल्याकडच्या आषाढात पाणी वरूनच आत शिरतं आणि मग आतच राहतं. जाळीचा बूट निदान वाळतो. काळ्या मातीच्या पांदणीत मात्र कुठलाच बूट टिकाव धरत नाही, पावलागणिक गारा चढतो. त्यातल्या त्यात ज्याच्या सोलचे दात एकमेकांपासून लांब लांब असतात तो लवकर सुटा होतो.

सगळ्यात मोठा फरक पडला इनसोलने, म्हणजे बुटात तळव्याखाली असणाऱ्या सुट्या थराने. बुटातला कागदासारखा पातळ इनसोल काढून कमानीखाली भर असलेला घातला. तो पायाला नुसता टेकायला हवा, रुतायला नको; मधल्या भागाने थोडं वजन उचललं की टाच आणि चवडा सुटतात. पहिल्या दिवशीच गडावर नेऊ नका. आधी तासभर घरात, मग वावरात, मग लहान टेकडीवर. चवड्याखाली आग होत असेल तर छोटी गादी चवड्याच्या मागे लावतात, नेमकी दुखऱ्या जागेखाली नाही.

लेस बांधायची पद्धतही बदलली. पावलाच्या पाठीच्या सगळ्यात उंच जागी लेस आडवी न नेता दोन्ही बाजूंनी सरळ वर काढते, म्हणजे तिथली शीर दबत नाही. शेवटच्या भोकांत मात्र फास करून टाच पक्की आवळते, नाहीतर उतारावर पाय पुढे सरकतो. १८०३च्या डिसेंबरात गाविलगड घ्यायला आलेल्या इंग्रज फौजेने याच डोंगरांतून तोफा ओढत नेल्या होत्या; त्या सैनिकांच्या टाचांचा विचार मला उतरताना हमखास येतो.

पोटरी आवळलेली असेल तर टाच दुखतच राहते. भिंतीला हात टेकून पोटरी ताणायची, एकदा गुडघा सरळ ठेवून आणि एकदा वाकवून, प्रत्येकी ३० सेकंद. सकाळी खाटेवरून उतरण्याआधी पायाची बोटं हाताने वर ओढून तळवा ताणायचा. संध्याकाळी पाण्याची गोठवलेली बाटली तळव्याखाली फिरवते, पण ज्यांना मधुमेह आहे किंवा पाय बधिर आहे त्यांनी हे करू नये. एकाच पायाची कमान वाढत चालली असेल, मुंग्या येत असतील, पाय अडखळत असेल, तर बूट बदलत बसू नका. ते नसांचं दुखणं असू शकतं, डॉक्टरांना दाखवा.

थंडीत वनविभागाची परवानगी काढून शहानूर गावाकडून नरनाळा किल्ला करायचा बेत आहे. या वेळी पाठीवर जड सॅक असेल. ओझ्याखाली बुटातली हीच गादी पुरते की चेपते, ते तिथून आल्यावर कळवते.