पन्हाळ्यावरची मावशी

"मावशी, किल्ला कुठनं सुरू होतो?"

अंबरखान्याजवळ, म्हणजे गडाच्या जुन्या धान्यकोठारांजवळ, भाकरी थापणाऱ्या मावशी हसल्या. "किल्ल्यातच बसलाय की! आमचं घर, शाळा, बाजार, समदं आतच हाय."

उतरताना, 'तीन दरवाजा' या गडाच्या प्रवेशद्वाराशी थांबलो तेव्हाही तेच डोक्यात. आपण तटबंदी, बुरूज शोधत फिरतो. आणि इथं शिलाहार राजांच्या काळापासूनच्या गडावर अजून चुली पेटतात.

मागे अंबरखान्यात गंगा, यमुना, सरस्वती ही धान्याची प्रचंड कोठारं. १६६० साली सिद्दी जौहरचा वेढा पडला, तेव्हा महाराज आत होते. गडाला तेव्हाही भाकर लागतच असणार.

२०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत १२ किल्ले गेले, त्यात पन्हाळाही. ऊर भरून आला होता. पण त्या वारशात मावशींची चूल धरलीय का?