उन्हाळ्यात झोपणारं झाड

जुळे सोलापुरात नवीन घर बांधणारा कुणीही भेटला की विचारतोच, "मागं दहा बाय वीसची जागा सोडलीय, फळझाड कोणतं लावू?" आणि पाठोपाठ, जरा लाजत, "सफरचंद येईल का हो?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, मीही लावलं होतं. रोपवाल्यानं लालबुंद फळांचा फोटो बांधूनच दिलं होतं. तीन वर्षं पाणी घातलं. पानं यायची, मे महिन्यात कडेनं करपायची, पावसात पुन्हा यायची. फूल एकही नाही. दोष झाडाचा नव्हता. नेहमीच्या डोंगराळ जातींना हिवाळ्यात सात अंशांखालची थंडी हजारेक तास लागते, तेव्हा डोळे नीट फुटतात. आपल्याकडे पारा दहाच्या खाली गेला तर दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते. 'हरिमन ९९'सारख्या कमी थंडीच्या जाती मैदानातही फळतात, मान्य. पण त्रेचाळीस अंशांचं ऊन आणि चार-पाच दिवसांआड येणारं नळाचं पाणी, यात ते झाड जगवायचं कशाला?

सफरचंद थंडीत झोपतं. आपल्याला उन्हाळ्यात झोपणारं झाड पाहिजे.

सीताफळ तसलंच. उन्हाळ्यात पानं गाळून काटक्यांसारखं उभं राहतं, पाणी मागत नाही, आणि पावसाच्या आगेमागे फुटतं. लोक म्हणतात, फुलं येतात पण फळ धरत नाही. फूल हातात घेऊन बघा: तीन जाड हिरवट पाकळ्या, आत बारीक बोंड. त्याचा मादीभाग आधी तयार होतो, पराग नंतर सुटतो, त्यामुळं एकाच फुलात जमत नाही. हे काम बारीक भुंगेरे करतात. ते नसले तर मी करतो. पूर्ण उमललेल्या फुलातले पराग बशीत झटकायचे आणि अर्धवट उघडलेल्या फुलात मऊ ब्रशनं फिरवायचे. बायको म्हणते, एवढ्या निगुतीनं कधी भिंत रंगवली नाही.

खड्डा मात्र उन्हाळ्यातच काढा, दोन-दोन फुटांचा, आणि तापू द्या. आपली काळी माती पावसात पाणी धरून बसते आणि मे महिन्यात हात जाईल एवढी भेगाळते, मुळं तुटतात. भरताना मुरूम आणि शेणखत मिसळा, वर शेंगांच्या टरफलांचा थर द्या. वाळवीकडे लक्ष ठेवा.

डाळिंब? केगावला राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालंय. तरी स्वयंपाकघराच्या खिडकीखाली मी लावणार नाही. तेल्या रोग आला की फवारण्या सुरू होतात. लिंबू चालेल, पण त्याला बारमाही पाणी लागतं आणि चुनखडीच्या जमिनीत पानं पिवळी पडतात. आंबा दहा बाय वीसात नकोच.

एकच झाड लावायचं तर बोर. माझं उमराण या मोठ्या बोरांच्या जातीचं कलम आहे, गावठी बोरीवर डोळा भरलेलं. एप्रिलमध्ये पानं गाळतं, तेव्हा छाटतो. शेजारच्या काकू दर वर्षी विचारतात, "वाळलं का हो झाड तुमचं?" पाऊस पडला की फुटतं, आणि गड्ड्याच्या, म्हणजे संक्रांतीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या, सुमाराला फळं लागलेली असतात. एका वर्षी जोडाखालचा फुटवा काढायचा राहिला. खरं तर असले फुटवे लगेच काढायचे असतात, नाहीतर गावठी बोर कलमाला खाऊन टाकते. मी पाहिलं तोवर त्या फांदीला गोटीएवढी आंबटगोड बोरं लागली होती. कात्री घेऊन गेलो, तर काकू कंपाउंडावरून म्हणाल्या, "राहू द्या की. नातवाचं बोरन्हाण आहे. तुमचं ते उमराणचं बोर डोक्यात पडलं तर पोराला टेंगूळ यायचं."

ती एक फांदी मी अजून ठेवली आहे.